तिसरी चिठ्ठी

६ जानेवारी, सोमवार

ऑफिसने नवीन वर्षाची डायरी वाटली. दरवर्षी ती प्राचीकडे रफ वही म्हणून जाते. या वर्षी मीच ठेवून घेतली, कारण आज जे झालं ते कुठेतरी सांगायला हवं आणि घरी लगेच सांगायची हिंमत नाही.

सकाळी मेल आला. आमच्या प्रोजेक्टवरच्या प्रत्येकाने ३१ मार्चच्या आत डेटाबेसची परीक्षा पास होऊन सर्टिफिकेट जमा करायचं. दोनदा बसता येईल, तिसरी संधी नाही. ज्यांच्याकडे सर्टिफिकेट नसेल त्यांना प्रोजेक्टवरून 'मोकळं' करणार. मोकळं करणं म्हणजे काय ते नोएडात सगळ्यांना कळतं. दोन महिने खुर्ची असते, काम नसतं, मग एचआरमधून फोन येतो.

मी सेहेचाळीस वर्षांचा आहे. बावीस वर्षं या लाइनमध्ये काढली. पहिली दहा वर्षं खरोखर काम केलं. नंतरची बारा मी टीम लीड आहे, म्हणजे एकाची तक्रार दुसऱ्याला पाठवतो आणि खाली 'कृपया लक्ष घालावे' असं लिहितो. डेटाबेसमधून माहिती काढायची भाषा मला एके काळी चांगली येत होती. आता तसलं काही आलं की मी हितेशकडे बघतो. हे फक्त इथे लिहितोय.

धुकं इतकं होतं की शेअर ऑटोवाल्याने सेक्टर ६२ म्हणून ६३ मध्ये उतरवलं. दिवसाची सुरुवातच तशी.

११ जानेवारी, शनिवार

कल्पनाला सांगून टाकलं. तिने पहिला प्रश्न काय विचारावा? "अभ्यासक्रम काय आहे?" माणसाची नोकरी जायची वेळ आलीय आणि हिला अभ्यासक्रम हवा. आधी जरा धीर द्यावा की नाही. मी मेल उघडून फोन तिच्या हातात दिला आणि अंघोळीला गेलो. बाहेर आलो तरी ती वाचतच होती.

हितेश सत्तावीस वर्षांचा, फरीदाबादचा. मागच्याच वर्षी हीच परीक्षा पास झाला. त्याने काल मला कोपऱ्यात घेऊन एक फाइल दिली. जुन्या परीक्षांतले तीनशे प्रश्न, उत्तरांसकट. "सर, समझने का टाइम नहीं है. बस रट लीजिए. सब यही करते हैं." हे बरोबर आहे का, असं एकदा मनात आलं. मग ३१ मार्च मनात आला. फाइलची प्रिंट काढली.

१९ जानेवारी, रविवार

पाठांतराच्या बाबतीत मी कच्चा नाही. अकोल्याला शाळेत तिसापर्यंतचे पाढे न अडखळता म्हणायचो. त्याच चालीवर आता सुरू केलंय. कल्पना भाजी निवडत प्रश्नाचा नंबर म्हणते, मी उत्तराचं अक्षर म्हणतो. एकशेदहा ड, एकशेअकरा अ, एकशेबारा ब. दिवसाला पंचवीस. प्राची म्हणते, पप्पा, तुम्ही मंत्र म्हणताय असं वाटतं.

एकशेबारावर कल्पना अडली. प्रश्न असा होता की एका तक्त्यात दहा माणसांच्या दहा ओळी आहेत, त्यांतल्या तिघांच्या फोन नंबरचा रकाना रिकामा आहे, तर फोन नंबर मोजायला सांगितले तर उत्तर किती? फाइलीत ब, म्हणजे दहा.

"सात यायला हवं," ती म्हणाली. "तिघांचे फोनच नाहीत, तर ते मोजणार कसे?"

"अगं, फाइलीत दहा आहे. हजारो लोक ह्यावर पास झालेत."

"मग हजारो लोकांचं चुकलं."

मी चिडलो. म्हटलं, तुला नंबर म्हणायला बसवलंय, 'का' ते विचारायला नाही. ती एकशेतेरा म्हणाली. जेवताना मलाच वाईट वाटलं. तिच्याशिवाय हा अभ्यास होणार नाही हे मला माहीत आहे. तिचा आवाज स्पष्ट आहे.

२० जानेवारी

कल्पना म्हणते, करून पाहिलं, सातच येतं. कुठे करून पाहिलं? प्राचीच्या जुन्या लॅपटॉपवर. हिला आजकाल वेळ बराच मिळतो असं दिसतंय.

२ फेब्रुवारी, रविवार

आज अभ्यास बुडाला, कारण कल्पना नेहमीप्रमाणे पहाडगंजला गेली. तिथल्या विहारात आमच्या विदर्भाकडच्या मंडळींनी चालवलेलं छोटं वाचनालय आहे आणि सात वर्षांपासून रविवारची पुस्तकांची देवघेव ती बघते. म्हटलं, महिनाभर नाही गेलीस तर आकाश कोसळेल का? म्हणाली, "स्पर्धा परीक्षेची मुलं येतात, पुस्तकं परत करायची असतात." आमच्या घरातली परीक्षा तिला दिसत नाही वाटतं. आम्ही राहतो त्या वैशालीहून मेट्रोने सरळ जाता येतं म्हणून बरं, नाहीतर मलाच सोडायला जावं लागलं असतं.

संध्याकाळी चहा देताना तिने विचारलं, "या परीक्षेला वयाची काही अट असते का?"

माझ्या वयाची काळजी वाटते बिचारीला. म्हटलं, अट नाही, साठीचा माणूसही बसू शकतो, तू घाबरू नकोस. तिला जरा हायसं वाटलेलं दिसलं.

१५ फेब्रुवारी, शनिवार

प्राचीची दहावीची बोर्डाची परीक्षा आजपासून. पहिला पेपर इंग्रजीचा, बरा गेला म्हणाली. आमच्या घरी सध्या तीन टेबलांवर तीन जणांची पुस्तकं पडलेली असतात. म्हणजे तिसरं टेबल स्वयंपाकघरातलं, तिथे कल्पनाची काहीतरी वही असते. रेसिपी लिहीत असेल.

तीनशेच्या तीनशे पाठ. उलटेसुद्धा म्हणू शकतो.

२० फेब्रुवारी, गुरुवार

नापास. शंभरात बावन्न. पासष्ट लागतात.

कसं ते लिहितो, म्हणजे आयुष्यभर लक्षात राहील. परीक्षेत प्रश्न बरेचसे तेच होते. पण पर्यायांच्या जागा बदललेल्या होत्या. जे फाइलीत ब होतं ते तिथे ड होतं. मी अक्षरं पाठ केली होती. अक्षरामागे काय लिहिलंय ते मी कधी धड वाचलंच नव्हतं. बावन्न मिळाले तेही जुन्या कामाच्या पुण्याईवर.

हितेशला सांगितलं तर तो बघतच राहिला. "सर, मतलब सिर्फ़ ए-बी-सी-डी याद किया?" तो हसला नाही, हसला असता तर बरं झालं असतं.

घरी प्राची हसली. कल्पनाने तिला आत पाठवलं आणि मला म्हणाली, "एक संधी आहे ना अजून? मग ती फाइल आता बाजूला ठेवायची." बावीस वर्षं नोकरी करून ही वेळ आली याची मला लाज वाटते. मी ताट तसंच ठेवून उठलो.

२३ फेब्रुवारी, रविवार

कल्पनाने मला पहाडगंजला नेलं. अभ्यासालाच जायचंय म्हणाली. सात वर्षांत मी त्या वाचनालयात फार तर चारदा गेलो असेन, तेही जेवणाच्या कार्यक्रमाला.

दीड हजार पुस्तकं, अडीचशेच्या वर सभासद. तिने लाकडी खोका पुढ्यात ठेवला. पहिल्या कप्प्यात पुस्तकांची कार्डं, एका पुस्तकाला एक. दुसऱ्यात माणसांची कार्डं, एका माणसाला एक. पुस्तकाच्या कार्डावर माणसाचं नाव लिहायचं नाही आणि माणसाच्या कार्डावर पुस्तकाचं नाव लिहायचं नाही, हा तिचा नियम. मग कोणी काय नेलं ते कळणार कसं? त्यासाठी तिसरा कप्पा. त्यात चिठ्ठ्या. एका चिठ्ठीवर फक्त पुस्तकाचा नंबर, माणसाचा नंबर आणि तारीख.

"आधी सगळं एका जाड रजिस्टरात होतं," ती म्हणाली. "प्रत्येक वेळी नाव, पत्ता, पुस्तक, सगळं परत लिहायचं. आपली माणसं सरकारी क्वार्टरमध्ये राहणारी. आज आर. के. पुरम, उद्या दुसरीकडे बदली. एकाच माणसाचे चार पत्ते झाले होते आणि खरा कुठला ते कुणालाच माहीत नव्हतं. पुस्तकं जायची. आता बदली झाली की एकच कार्ड खोडायचं. चिठ्ठ्यांना हातही लावावा लागत नाही."

तुमच्या अभ्यासक्रमातलं चौथं प्रकरण म्हणजे एवढंच आहे, असंही म्हणाली.

मग तिने मला कामाला लावलं. ज्यांच्या नावावर एकही चिठ्ठी नाही असे सभासद शोधा. मी चिठ्ठ्या चाळायला लागलो. ती म्हणाली, "चिठ्ठ्यांपासून सुरुवात केली तर ती माणसं तुम्हाला कधीच सापडणार नाहीत. त्यांची चिठ्ठीच नाही. माणसांच्या कार्डांपासून सुरू करा, आणि ज्याच्यापुढे काही नाही त्याचंही नाव यादीत राहू द्या." याच्यावर परीक्षेत मी चार प्रश्न चुकलो होतो. आज दहा मिनिटांत समजलं.

येताना मेट्रोत मी म्हटलं, तू मास्तरीण व्हायला हवी होतीस. ती खिडकीबाहेर बघत होती. अमरावतीला बी.एस्सी.ला गणितात पहिली आली होती, लग्नानंतर वर्ध्याच्या एका वाचनालयात दोन वर्षं नोकरीही केली, मग आम्ही इकडे आलो आणि प्राची झाली. बायकांना एक चिकाटी असते ती जात नाही.

५ मार्च

रोज सकाळी सहा ते साडेसात. ती प्रश्न स्वतः तयार करते, फाइलीतले नाही. मी लिहितो, ती चालवून बघते, चुकलं की का चुकलं ते मलाच सांगायला लावते. फार खडूस शिकवते. काल म्हणाली, "उत्तर बरोबर आहे, पण तुम्हाला ते का बरोबर आहे ते माहीत नाही, त्यामुळे अर्धे मार्क." ऑफिसात माझ्याशी असं बोलायची कोणाची टाप नाही.

मजा येतेय, हे कबूल करायला हवं. कितीतरी वर्षांनी आम्ही दोघं रोज एका टेबलाशी बसून भाजी, गॅस आणि प्राची सोडून दुसऱ्या कशाबद्दल बोलतोय.

१४ मार्च, शुक्रवार

होळीची सुट्टी. खाली सोसायटीत ढोल चाललेत, आम्ही दार लावून बसलो. मध्येच कल्पनाने विचारलं, "नोकरीत नसलेल्या माणसाला बसता येतं का हो या परीक्षेला?"

माझी नोकरी परीक्षेच्या आधीच जाईल असं हिला वाटतंय. म्हटलं, असं अभद्र बोलू नकोस. कुणालाही बसता येतं, पण आपल्यावर ती वेळ येणार नाही. ती "अच्छा" म्हणाली आणि पुढचा प्रश्न वाचला.

२२ मार्च, शनिवार

पास. सत्तर.

पडद्यावर आकडा आला तेव्हा मी तिथल्या मुलीला दोनदा विचारलं की हा माझाच ना. ऑटोतून हितेशला फोन केला, अकोल्याला भावाला फोन केला. भाऊ म्हणाला, या वयात जिद्द आहे बुवा तुझी. खरंच आहे. माणसाने ठरवलं तर काय होत नाही.

कल्पनाने सगळं बारकाईने विचारून घेतलं. ओळखपत्र कुठलं चालतं, पर्स कुठे ठेवतात, पाणी नेऊ देतात का, मध्ये उठता येतं का. माझ्या त्या दोन तासांत तिला इतका रस आहे हे बघून बरं वाटलं.

२९ मार्च, शनिवार

सर्टिफिकेट जमा केलं. खुर्ची राहिली. आता क्लायंटकडच्या क्षिप्रा मॅडम तोंडी परीक्षा घेणार, पण ती म्हणे नुसती औपचारिकता असते.

कल्पना सकाळीच नोएडाला काही काम आहे म्हणून गेली, दुपारी आली. चेहरा उतरलेला नव्हता, पण वेगळाच होता. काय झालं विचारलं तर म्हणाली, "काही नाही, दमले." मी आज खिचडी केली. खाऊन झोपली.

३ एप्रिल, गुरुवार

क्षिप्रा मॅडम व्हिडिओ कॉलवर. औपचारिकता कसली, बाईंनी सोलून काढलं. सगळी माहिती एकाच मोठ्या तक्त्यात का ठेवायची नाही, हे कंप्यूटर न येणाऱ्या माणसाला समजावून सांगा, म्हणाल्या. मी वाचनालय सांगितलं. पुस्तकांची कार्डं, माणसांची कार्डं, तिसरी चिठ्ठी, बदली झालेल्या माणसाचा पत्ता. बोलता बोलता माझ्या लक्षात आलं की मी अडखळत नाहीये.

त्या म्हणाल्या, "बहुत बढ़िया. यह उदाहरण कहाँ से लिया?"

"अपना ही है," मी म्हणालो.

हितेश शेजारी बसला होता. तो म्हणाला, सर, ये तो मैं भी चुराऊँगा. आता नवीन मुलांना मीच शिकवायचं असं ठरलंय. दिवस चांगला गेला. 'अपना ही है' म्हणजे घरचंच आहे, असाही अर्थ होतो. पण मी त्या अर्थाने म्हणालो नव्हतो.

९ एप्रिल, बुधवार

प्राचीच्या अकरावीचा फॉर्म प्रिंट करायला घेतला. प्रिंटरमध्ये कागद संपला होता, तो घातल्यावर आधी कुणाचं तरी अडकून राहिलेलं पान बाहेर आलं. माझं सर्टिफिकेट समजून मी ते उचललं. नाव कल्पना जयदीप वानखडे. तारीख २९ मार्च. मार्क एक्क्याण्णव.

मी पान घेऊन स्वयंपाकघरात गेलो. आनंद व्हायला हवा होता, आधी राग आला. म्हटलं, मला का सांगितलं नाहीस?

ती पोळी लाटत होती, थांबली नाही. "दोनदा विचारलं तुम्हाला. वयाची अट असते का विचारलं, तुम्ही म्हणालात घाबरू नकोस. नोकरीत नसलेल्यांना बसता येतं का विचारलं, तुम्ही म्हणालात अभद्र बोलू नकोस. तिसऱ्यांदा नाही विचारलं. मग प्राचीने फॉर्म भरून दिला."

"मला वाटलं तू माझ्याबद्दल विचारतेयस."

"माहीत आहे."

तिने पोळी तव्यावर टाकली. ओरडली असती तर मला उत्तर देता आलं असतं. नंतर ही डायरी चाळून पाहिली. दोन्ही आहे, माझ्याच अक्षरात. रेसिपीची वहीपण आहे.

१० एप्रिल

सकाळी विचारलं, नोकरी करशील?

"सर्टिफिकेट भिंतीवर लावायला नाही घेतलं मी," ती म्हणाली.

ऑफिसचा मेल आलाय. आमच्याच प्रोजेक्टवर दोन जागा वाढल्यात. मध्ये नोकरी सोडलेल्या पण सर्टिफिकेट असलेल्या लोकांना प्राधान्य. स्टाफने नावं सुचवायची, १४ तारखेच्या संध्याकाळपर्यंत. फॉर्म थेट क्षिप्रा मॅडमकडे जातो. सोबत उमेदवाराने केलेल्या कामाचं एक उदाहरण सविस्तर लिहायचं.

उदाहरण एकच आहे. ते मी आधीच वापरलंय.

१३ एप्रिल, रविवार

तीन दिवस फॉर्म उघडतोय आणि बंद करतोय. काय काय मनात येतं ते लिहितो, लपवून उपयोग नाही. ती एक्क्याण्णव, मी सत्तर. एकाच मजल्यावर. वाचनालय कुणाचं हे क्षिप्रा मॅडमना कळणार, हितेशला कळणार, ज्या मुलांना मी गेल्या आठवड्यात शिकवलं त्यांना कळणार. इतक्या मुश्किलीने राहिलेली खुर्ची आता मीच हलवायची. दुसरं एखादं बनावट उदाहरण लिहावं असंही आलं मनात. मागच्या प्रोजेक्टमधलं काहीतरी तिच्या नावावर टाकून. तेवढा नीचपणा केला नाही, पण मनात आलं होतं.

तिने एकदाही फॉर्मचं विचारलेलं नाही. हे तिचं न विचारणं मला फार लागतंय.

१४ एप्रिल, सोमवार

जयंती. सकाळपासून विहारात. बाहेर रांगा, निळे झेंडे, जेवणाच्या पंगती. कल्पना वाचनालयात, आज नवीन सभासद करून घेण्याचा दिवस. मला तिच्या मागच्या बाकावर जागा मिळाली. फोनवर फॉर्म उघडला.

दोन तास बसलो होतो. ती प्रत्येक माणसाला नाव विचारते, मग गाव विचारते, मग हळूच विचारते की काय वाचायला आवडतं. राजेंद्रनगरहून आलेल्या एका लातूरच्या मुलीला तिने चार पुस्तकं काढून दिली आणि म्हणाली, "परत करायची घाई नको, पण आणून मात्र दे." हात कार्डावर चालूच. एकदाही खोक्यात शोधावं लागलं नाही. तिथे बसलेल्या सगळ्यांना तिचं हे काम माहीत होतं. मीच नवीन होतो.

उदाहरणाच्या जागी वाचनालय लिहिलं, पहिल्या कार्डापासून. खाली लिहिलं की ३ एप्रिलला हेच उदाहरण मी माझं म्हणून सांगितलं, ते माझं नव्हतं, उमेदवाराचं आहे, आणि मी परीक्षा पास झालो तो तिने शिकवलं म्हणून.

शेवटचा रकाना राहिला होता. 'उमेदवाराचं काम आपण किती काळ पाहिलं आहे?'

लग्नाला एकोणीस वर्षं झाली. मी एकोणीस वर्षं लिहिलं. मग ते खोडलं, दोन महिने लिहिलं आणि फॉर्म पाठवून दिला.